गोविंदाच्या छातीवरचे पंचावन्न किलोमीटर

हिवरखेडीच्या गोविंदा मनवरने अंगात स्वेटर घातलेला गावात कुणी पाहिला नव्हता. पौषातल्या सकाळी सगळं गाव कानटोप्या बांधून शेकोटीला चिकटायचं तेव्हा हा माणूस उघड्या अंगाने विहिरीवरून पाण्याच्या दोन बादल्या घेऊन यायचा. त्याची बायको तुळसाबाई म्हणायची, "याच्या आंगात चूल पेटली असते बाप्पा."

सवय कामाची होती. दारव्ह्याच्या कापूस खरेदी केंद्रावर गोविंदा पंचवीस वर्षं कापूस तुडवत होता. ट्रकमध्ये सैल कापूस भरला तर अर्ध्या मालातच ट्रक भरून जातो. म्हणून एक माणूस आत उतरतो, वरून टोपल्या पडत राहतात आणि तो पायांनी कापूस दाबत दाबत वर वर येतो. नाकातोंडात रुई जाते, घामाने अंग चिंब होतं, बनियनसुद्धा नकोसं वाटतं. गोविंदाने तुडवलेल्या ट्रकात दोन क्विंटल माल जास्त मावतो, असं शेतकरी म्हणत. दारव्ह्याच्या रस्त्यावर अर्ध्या तालुक्याचे लोक त्याला हाक मारून पुढे जात.

मात्र दोन हजार पाच सालच्या त्या हिवाळ्यात कामाला काही अर्थ उरला नव्हता. भाव पडलेले, केंद्रं उशिरा उघडलेली, उघडली तरी चार दिवस चालू नि तीन दिवस बंद. गाड्यांच्या रांगा लागत आणि तिथेच मुक्काम करत. गोविंदाही रांगेतल्या शेतकऱ्यांबरोबर बसून राही.

अशात त्याची लेक दीपा बाळंतपणासाठी माहेरी आली. जावई संघर्ष वणीकडे कोळशाच्या खाणीवर कामाला होता, तिथे कुणी बाईमाणूस नव्हतं. दिवस भरायला दीड महिना बाकी होता. पण डिसेंबरातल्या एका पहाटे दीपाच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि गावातल्या उपकेंद्राच्या विजयमाला सिस्टर येऊन पोचेपर्यंत लेकरू जवळजवळ बाहेरच आलं होतं.

मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी. सिस्टरांनी तिला झोळीच्या काट्यावर टांगलं तेव्हा काटा दीड किलोच्याही खालीच थांबला. दीपाचं रक्तही बरंच गेलं होतं. सिस्टरांनी तिला सुई टोचली, पोट चोळलं, रक्त आवरलं, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सिस्टर बाहेर आल्या. "गोविंदाभाऊ, दोघींनाही यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागते. आत्ता. दारव्ह्यालेही थांबू नका. मी चिठ्ठी देते."

"देवीलालची जीप हाय," गोविंदा म्हणाला. "आत्ता बोलावतो."

"जीपचं नंतर. पहिले हे ऐका. या लेकराले सगळ्यात मोठा धोका थंडीचा आहे. तिच्या आंगात चरबी नाही. तिले स्वतःची ऊब करता येत नाही. पन्नास-पंचावन्न किलोमीटर जायाचं आहे, आणि यवतमाळले पोचेपर्यंत ती गार पडली तर डॉक्टरच्याही हाती काही राहणार नाही."

तुळसाबाई आतून म्हणाली, "दोन गोधड्यांत गुंडाळते ना मी. वरून शाल."

"गोधडीनं नाही भागत, माय. तिले उघडं करून, माणसाच्या उघड्या आंगाले चिकटवून न्यायचं. कातड्याले कातडं. वरून पांघरूण." सिस्टर थांबल्या. "दीपाच्यानं तं बसवणार नाही. तिले आडवंच न्यावं लागन. आणि तुमाले आठ दिवसांपासून खोकला आहे. तुमी लेकराच्या तोंडाजवळही जायाचं नाही. दूध पाजतानी पदर नाकाले बांधजा."

मग उरलं कोण? सिस्टर गोविंदाकडे पाहत होत्या.

"म्या?" गोविंदा म्हणाला. "बाप्या माणसाचं काम हाय का हे? लोक काय म्हणतीन?"

"लेकराले बाई-बाप्या कळत नाही, भाऊ. ऊब कळते. पंधरा मिनिटात आंघोळ करून या. कढत पाणी, साबण. आणि खिशातला बिडीचा कट्टा घरी ठेवा. धूर तिच्या जवळही यायला नको."

गोविंदाने कट्टा चुलीत टाकला. तुळसाबाईने पाणी दिलं. छाती घासघासून धुऊन, कोरडी पुसून तो आत आला, तेव्हा सिस्टरांनी लेकराच्या डोक्यावर जुन्या स्वेटरची बाही कापून केलेली टोपी चढवली होती. पायांत चिंधीचे मोजे, कमरेला लंगोट, बाकी सगळं उघडं. त्यांनी तिला उभी धरून गोविंदाच्या छातीवर ठेवली, बेडकासारखे पाय फाकवून, डोकं एका बाजूला वळवून. तुळसाबाईच्या मऊ जुन्या लुगड्याचा पट्टा त्यांनी दोघांभोवती घट्ट गुंडाळून पाठीवर गाठ मारली. वरून सदरा, त्यावर घोंगडं.

"नाक मोकळं पाहिजे," सिस्टर सांगत होत्या. "मान खाली पडू द्यायची नाही. दर दोन तासांनी दीपाचं दूध वाटीत काढून चमच्यानं थेंब-थेंब पाजजा. पाय चाचपून पाहत राहजा. पाय थंड लागले तं समजायचं ऊब कमी पडून राह्यली. आणि मधेच श्वास घ्यायचं विसरली तं पाठीवर चोळायचं, तळपायाले बोट घासायचं. घाबरायचं नाही."

"तुमी नाही येत?"

"पलीकडच्या वाड्यात दुसरी बाई अडली आहे, भाऊ. तिले सोडून कशी येऊ?"

गोविंदाने मान हलवली. छातीवर चिमणीएवढं काही तरी धडधडत होतं, आणि ते थंड होतं. भिजल्या रुईसारखं थंड. आपल्या तीन लेकरांपैकी एकालाही त्याने असं धरलं नव्हतं.

देवीलाल जीप घेऊन आला तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. जीपला मागे काचा नव्हत्या, दारंही कापडी. गोविंदाने त्याला दोन्ही बाजूंनी ताडपत्री बांधायला लावली. मागच्या लांब बाकावर दीपाला आडवं केलं, तिचं डोकं तुळसाबाईच्या मांडीवर. स्वतः गोविंदा मधल्या सीटवर, मधोमध, वारं कुठूनच लागणार नाही असा बसला. देवीलालने सवयीने बिडी काढली.

"देवीलाल, ते आज नाही," गोविंदा म्हणाला.

देवीलालने बिडी कानावर ठेवून दिली.

दारव्ह्यापर्यंतचे तेरा किलोमीटर कच्चा रस्ता होता. जीप एका बाजूला कलली की गोविंदा दोन्ही पाय रोवून अंगाचा तोल धरी, जसा तो भरत्या ट्रकात धरायचा. हात एकदाही घोंगड्याबाहेर काढला नाही. निम्म्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं की छातीवरचं ते थंडपण गेलं आहे. लेकरू आणि तो, दोघं सारखेच गरम झाले होते. कुठे त्याची कातडी संपते आणि कुठे तिची सुरू होते ते कळत नव्हतं.

"तुळसा," तो हळूच म्हणाला, "पोट्टी ऊन लागून राह्यली मले."

"पाय पाह्य तिचे."

"पायही."

दीपाने डोळे न उघडताच हसल्यासारखं केलं.

दारव्ह्याच्या अलीकडे खरेदी केंद्राजवळ जीप थांबली. पुढे रस्ताच नव्हता. केंद्रावर वजनाचा काटा पुन्हा बंद झाल्याची बातमी पहाटे फुटली होती, आणि चार दिवस रांगेत बसलेल्या शेतकऱ्यांनी कापसाने भरलेल्या बैलगाड्या रस्त्यावर आडव्या लावल्या होत्या. पन्नास-साठ गाड्या असतील. बैल सोडलेले, जागोजागी शेकोट्या, ट्रक दोन्हीकडे अडकलेले, घोषणा चाललेल्या. मागेही दोन एसट्या येऊन उभ्या राहिल्या, म्हणजे वळायची सोय गेली.

देवीलाल उतरून पुढे गेला आणि परत आला. "कोणी ऐकून नाही राह्यलं, गोविंदाभाऊ. म्हणतात केंद्राचा साहेब आल्याशिवाय एक चाक हलणार नाही."

दूध पाजायची वेळ झाली होती. दीपाने पडल्या पडल्या वाटीत थोडं दूध काढलं, तुळसाबाईने नाकाला पदर बांधला आणि गोविंदाने घोंगड्याचं तोंड जेमतेम उघडलं. चमच्याचं टोक लेकराच्या खालच्या ओठाला लागलं. पहिला थेंब ओघळला. दुसरा गेला. आठ चमचे पाजायला वीस मिनिटं लागली.

मग ती झोपली. गोविंदा तिचा श्वास मोजत बसला. वर, खाली. वर, खाली. आणि एकदा वर आलाच नाही.

त्याने वाट पाहिली, फार तर दोन धडधडी. सदऱ्यातून हात घालून त्याने तिच्या पाठीवर बोटं चोळली. काही नाही. तळपायाला नख न लावता अंगठा घासला, एकदा, दोनदा, जोरात. त्याच्याच कानांत रक्त वाजत होतं. तिसऱ्यांदा घासलं तेव्हा तिने उचकी दिल्यासारखा श्वास ओढला आणि चिडून रडली. जीपमध्ये एवढंसं रडणं, पण तुळसाबाईच्या हातातली वाटी पडली.

"आता नाही बसवत," गोविंदा म्हणाला आणि जीपमधून उतरला.

घोंगड्यात दोन्ही हात अडकवलेला, पोट पुढे काढून चालणारा गोविंदा लोकांनी पाहिला आणि काही जण हसले. गाड्यांच्या पहिल्याच ओळीत फुलचंद होता, दिग्रसकडच्या तांड्यावरचा शेतकरी. त्याचा कापूस गोविंदाने दहा वर्षं तुडवला होता.

"गोविंदा, काय चोरून नेऊन राह्यला बे घोंगड्यात?"

गोविंदाने सदऱ्याची एक गुंडी काढली. फुलचंदने आत वाकून पाहिलं. एक लाल सुरकुतलेला गाल आणि स्वेटरच्या बाहीची टोपी.

"अरे! केवढीशी हे!"

"आज पहाटे झाली. दीपाची. यवतमाळले न्यायची हाय."

माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, "अरे अशी काहून नेऊन राह्यला? शेकोटीजवळ आण, गरम होऊ दे जराशी." दुसरा म्हणाला, "ये हिकडे, माह्या गाडीत कापसात पुरून ठेव तिले. कापसाएवढं गरम काय असते?"

गोविंदा एरवी कमी बोलणारा. पण या बाबतीत त्याला जे माहीत होतं ते तिथे कुणालाच नव्हतं.

"धुरात तिचा जीव गुदमरन, बाबा," तो म्हणाला. "आणि कापसाचं मले नका सांगू. पंचवीस वर्सं तुडवला म्या. हिवाळ्यात सकाळी ट्रकात उतरलो की कापूस कसा असते? बरफ. पाय बधिर होतात. अर्धा घंटा आपण आत घाम गाळला की मग तो गरम होते. कापूस ऊब देत नाही, आपली ऊब धरून ठेवते. या पोट्टीजवळ तं आपली ऊबच नाही. कापसात ठेवली तं तो तिचं थंडपणच धरून ठेवन."

फुलचंदने आपल्या गाडीकडे पाहिलं, मग जीपकडे. मग तो जू खांद्यावर घेऊन ओरडला, "लावा रे हात!"

बैल जुंपायला वेळ कुठे होता. एकेका भरल्या गाडीला आठ-दहा माणसं भिडली आणि त्यांनी ती हातांनी मागे रेटली. पुढच्या ओळीला निरोप गेला, "गोविंदाची नात आहे, वाट द्या." घोषणा थांबल्या. गाडी मागून गाडी सरकत गेली, आणि त्या अडवलेल्या रस्त्यात एका जीपपुरती फट पडली. एका बाईने आपल्या डोक्यावरची शाल काढून दीपाच्या पायांवर टाकली. पोलिसांना सकाळपासून जे जमलं नव्हतं ते दहा मिनिटांत झालं. जीप पार होताच गाड्या पुन्हा आडव्या झाल्या, आणि घोषणा मघापेक्षा मोठ्याने सुरू झाल्या.

पुढचे बेचाळीस किलोमीटर डांबरी होते, पण वारा सुटला होता. ताडपत्री फडफडत होती. देवीलालने जीप चाळिसाच्या वर नेली नाही. गोविंदाची पाठ भरून आली होती, मान आखडली होती, पण घोंगड्याखाली छातीवरून घामाची धार पोटापर्यंत येत होती आणि त्या घामाचंच त्याला बरं वाटत होतं. मधूनमधून तो बोटाने तिचे पाय चाचपी. ऊन. वाटेत आणखी एकदा तिचा श्वास अडला. या वेळी तो घाबरला नाही. अंगठा घासला, ती रडली, संपलं.

यवतमाळच्या दवाखान्यात दीपाला एका बाजूला नेलं आणि लेकराला दुसऱ्या. नवजात बालकांच्या खोलीत एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, वजन वाचलं, बाहेरच्या थंडीकडे पाहिलं आणि परिचारिकेला म्हणाल्या, "वॉर्मर तयार ठेवा. बाळ थंड असणार." मग त्यांनी गोविंदाच्या सदऱ्यातून ती पुडी बाहेर काढली आणि काखेत थर्मामीटर लावलं.

थर्मामीटर पाहून त्यांनी ते झटकलं आणि पुन्हा लावलं.

"साडेछत्तीस," त्या म्हणाल्या. "कुठून आणलं म्हणालात?"

"दारव्ह्याच्या पलीकडून."

"गाडीत हीटर होता?"

"गाडीले काचही नव्हती, मॅडम."

डॉक्टर मॅडम त्या उघड्या, घामेजलेल्या, लुगड्याच्या पट्ट्याचे वळ उठलेल्या छातीकडे बघत राहिल्या. "बाबा," त्या म्हणाल्या, "याच्याहून कमी अंतरावरून, शालीत गुंडाळून आणलेली बाळं माझ्याकडे गारठलेली येतात. तुम्ही अर्धं काम करून आलात."

 गोविंदा बाहेर व्हरांड्यात आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. तुळसाबाईने त्याला चहा आणून दिला. आखडलेली बोटं वळेनात म्हणून तिनेच कप त्याच्या तोंडाला लावला.

दीपाला रक्त चढवलं आणि चौथ्या दिवशी ती उठून बसली. संघर्ष खाणीवरून धावत आला. लेकरू श्वास नीट घेऊ लागलं तसं डॉक्टर मॅडमनी दीपाला छातीशी धरायला सांगितलं, दिवसाचे जितके तास जमेल तितके. दीपा थकली की संघर्ष, संघर्षाची सुट्टी संपली की गोविंदा. वॉर्डातल्या बाया पहिल्या दिवशी पदराआड हसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीने आपल्या नवऱ्याला व्हरांड्यातून हाताला धरून आत आणलं आणि म्हणाली, "त्या बाबांकडून शिकून घ्या."

पंचविसाव्या दिवशी वजन एक किलो आठशे सत्तर भरलं आणि सुट्टी मिळाली. नाव खेमा ठेवलं होतं. जानेवारी अर्धा सरला होता, त्या आठवड्यात यवतमाळात पाणी हाताला चावत होतं. पण आता परतीची चिंता नव्हती. दीपा स्वतः खेमाला पट्ट्यात बांधून बसली, दुपारचं ऊन पाहून निघाली, वाटेत ऊन पडलेल्या आडोशाला जीप थांबवून तिने तिला अंगावर पाजलं. घरी पोचल्यावर शेजारच्या बाया तेल-पाणी घेऊन तयार होत्या.

"आंघोळ नाही," दीपा म्हणाली. "अडीच किलो होऊ द्या आधी. आणि ती शेगडी बाहेर न्या, तिच्या धुरानं आख्खं घर भरलं."

बाया गोविंदाकडे पाहायला लागल्या. गोविंदाने शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली.

कापसाचं काम त्या वर्षी पुरतं संपलं. पुढच्या मोसमात केंद्राने कापूस दाबायचं यंत्र आणलं. गोविंदा दुसऱ्यांच्या शेतात तूर काढायला, सोयाबीन मळायला जाऊ लागला. पण एका गोष्टीसाठी त्याला आता चारी बाजूंनी बोलावणं येई. विजयमाला सिस्टरांनी त्याला आरोग्य केंद्रातल्या बैठकीत उभं केलं. चाळीस बाया समोर, आणि गोविंदाने सदरा काढून पट्टा कसा बांधायचा ते एका बाहुलीवर दाखवलं. पहिल्यांदा तो खाली मान घालूनच बोलला. पाचव्या गावी तो बाहुली नको म्हणाला, "एखादं खरं लेकरू द्या, म्हणजे नीट दाखवता येते."

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, शेजारच्या तांड्यावरची हंसाबाई धापा टाकत आली. तिच्या सुनेला जुळी झाली होती, दोन्ही मिळून जेमतेम साडेतीन किलो. सून उठण्याच्या स्थितीत नव्हती. गोविंदा गेला. तिथे हंसाबाईचा पोरगा धावजी, त्या जुळ्यांचा बाप, दाराशी डोकं धरून बसला होता.

"एक म्या घेतो," गोविंदा म्हणाला. "दुसरं तुह्यं."

"मले नाही जमत, काका. माह्या हातून पडन."

"पडत नाही. ते तुले चिकटून राहते. आंघोळ करून ये."

धावजीने आंघोळ केली. गोविंदाने त्याच्या पाठीवर गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. जीपमध्ये दोघं शेजारी शेजारी बसले, घोंगड्यात गुंडाळलेले, वारं चुकवून. दारव्हा गेलं, लाडखेड गेलं. धावजी सगळा वेळ श्वास रोखून बसला होता. मग एकदम त्याने डोळे मोठे केले आणि म्हणाला, "काका, हे गरम होऊन राह्यलं."

"मंग?" गोविंदा म्हणाला. "पाय चाचपून पाह्य."

त्या वर्षी त्या चार-पाच गावांतून हिवाळ्यात सहा कमी वजनाची लेकरं यवतमाळला गेली, आणि सहाच्या सहा परत आली. जुळ्यांच्या बारशाला तांड्यावर डफ वाजला, लापशी झाली, आणि पाटावर सगळ्यांच्या मधोमध, नव्या कोऱ्या सदऱ्यात, दोन्ही मांड्यांवर एकेक लेकरू घेऊन गोविंदा बसला होता.